जोडणारा चुना, सोडवणारा चुना

पानाच्या ठेल्यावरील चुना आणि दंतवैद्याच्या कपाटातील एक पांढरे औषध, या दोहोंचे रासायनिक नाव एकच आहे : कॅल्शियम हायड्रॉक्साइड. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी ओतले की तो फसफसतो, तापतो, विरतो आणि मागे हा पांढरा लगदा उरतो. भारतातील जुन्या वाड्यांच्या, किल्ल्यांच्या आणि घाटांच्या भिंती याच चुन्याने सांधलेल्या आहेत. विड्यात तो जरा जास्त पडला तर जीभ भाजते, हे विडा खाणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र हाच चुना दाताच्या मुळात महिनोन्‌महिने भरून ठेवला तर दाताच्या बळकटीचे काय होते, हा प्रश्न प्रयोगशाळेत पुरेशा गांभीर्याने मांडला जाण्यास तब्बल ब्याऐंशी वर्षे जावी लागली. त्या ब्याऐंशी वर्षांचा इतिहास हा एका चांगल्या औषधाचा इतिहास आहे, आणि चांगल्या औषधाकडेही कोणता प्रश्न विचारायचा राहून जातो याचाही आहे.

‘रूट कॅनाल’ हा शब्द आज भारतातील लहान गावांतही परिचित झाला आहे. दाताच्या आत एक पोकळी असते. तीत रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि पेशी यांचा मऊ गर असतो. मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून हा गर जबड्याशी जोडलेला असतो. कीड खोलवर गेली किंवा दाताला जबर मार बसला की हा गर मरतो, पोकळीत जंतू वाढतात आणि मुळाच्या टोकाशी पू धरतो. उपचार असा : मेलेला गर काढायचा, पोकळी धुऊन स्वच्छ करायची आणि ती कायमची बंद करायची. पण एकाच भेटीत सर्व जंतू हटतीलच असे नसते. म्हणून दोन भेटींच्या मधल्या काळात मुळाच्या नळीत एखादे औषध भरून ठेवण्याची प्रथा पडली. या औषधाकडे वैद्यक दीर्घकाळ एकच प्रश्न विचारीत आले : जंतू मेले काय? दाताच्या भिंतींचे काय झाले, हा दुसरा प्रश्न कोणाला सुचला नाही, आणि त्याला कारणही होते.

एकोणिसाव्या शतकात दाताच्या वेदनेपुढे माणूस इतका हतबल होता की वेदना थांबवणारे काहीही चालत असे. अमेरिकेतील शिअरजशब स्पूनर यांनी १८३६ मध्ये दातातील गर मारण्यासाठी आर्सेनिक, म्हणजे सोमल, वापरण्याची शिफारस केली. सोमलाने गर मरे आणि वेदना थांबे. पण ते विष दाताबाहेर झिरपले तर हिरडी आणि हाडही मरे. त्यानंतर कार्बॉलिक आम्ल आले, कापूर मिसळलेली फिनॉलची संयुगे आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फॉर्मॅल्डिहाइड व क्रेसॉल यांचे मिश्रण लोकप्रिय झाले. या सर्वांमागील तर्क एकच होता. जे औषध जितके जहाल, ते तितके गुणकारी. त्यांच्या उग्र दर्पावरून दवाखाना दुरून ओळखू येत असे, आणि तो दर्पच पुष्कळांना शुद्धतेची खूण वाटे.

या जहालपणामागे एक भीतीही होती. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात एक व्याख्यान दिले. तोंडातील दडलेला जंतुसंसर्ग शरीरातील अनेक दुर्धर विकारांचे मूळ आहे, असा त्याचा आशय होता. हंटर यांचा रोख निकृष्ट दर्जाच्या दंतकामावर होता. पण त्यांच्या मांडणीतून ‘केंद्रीय संसर्गा’चा सिद्धांत फोफावला आणि पुढील काही दशकांत गर मेलेला प्रत्येक दात संशयित ठरला. संधिवात असो वा थकवा, दात उपटणे हा उपाय सांगितला जाऊ लागला. जो दात मुळात ठेवायचाच नाही, त्याच्या भिंती किती भक्कम राहिल्या हे कोण मोजणार? दात वाचवू पाहणाऱ्यांपुढचे आव्हानही निराळे होते. जंतू मरतील, पण मुळाभोवतीच्या जिवंत ऊती मरणार नाहीत, असे औषध त्यांना हवे होते.

ते १९२० मध्ये सापडले. जर्मनीतील बी. डब्ल्यू. हेरमान यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लगदा मुळाच्या नळीत भरण्याची पद्धत मांडली आणि ‘कॅल्क्सिल’ या नावाने तो प्रचारात आला. योगायोग असा की त्याच १९२० मध्ये कोलकात्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय सुरू केले. अहमद अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकले होते आणि बोस्टनमध्ये लहान मुलांच्या दातांच्या रुग्णालयात काम करून परतले होते. १९२८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी दंतोपचारांवरील हस्तपुस्तिका लिहिली. पुढे १९३९ चा बंगाल दंतवैद्य कायदा आणि १९४८ चा अखिल भारतीय दंतवैद्य कायदा या दोहोंच्या वाटचालीत त्यांचा वाटा मोठा होता. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. भारतीय दंतशिक्षण आणि दातातील चुना यांचे वय अशा रीतीने सारखेच आहे. या औषधाचा उदय, त्याचे वैभव आणि त्याच्याविषयीची शंका हे सारे या शिक्षणाच्या वाढीबरोबरच घडत गेले.

चुना जहाल नाही असे नाही. त्याचे सामू मूल्य, म्हणजे पीएच, साडेबाराच्या घरात असते. अशा तीव्र अल्कधर्मी वातावरणात दातातील बहुतेक जंतू तग धरू शकत नाहीत. हायड्रॉक्सिल आयन त्यांच्या पेशीपटलाची आणि प्रथिनांची मोडतोड करतात. पण चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. त्यामुळे त्याचा दाह जेथे स्पर्श होतो तेथपुरताच राहतो आणि त्यापलीकडची ऊती वाचते. इतकेच नव्हे, तर त्याच्या सान्निध्यात शरीर नवी कठीण ऊती तयार करते, असेही दिसून आले. जंतू मारणारे आणि तरीही जखम भरू देणारे हे औषध फिनॉल व फॉर्मॅल्डिहाइडच्या तुलनेत सौम्य आणि जवळजवळ सात्त्विक भासले.

ही प्रतिष्ठा पुराव्यांनी वाढतच गेली. १९६५ मध्ये अमेरिकेतील काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दातातील गर उघडा केला तरी तो भरून आला. सामान्य उंदरांत मात्र तो सडला. दातातील विकाराचे मूळ जंतूंत आहे, हे या प्रयोगाने ठसठशीतपणे दाखवले. १९८५ मध्ये स्वीडनमधील बिस्ट्रॉम, क्लेसन आणि सुंडक्विस्ट यांनी रुग्णांच्या दातांत वेगवेगळी औषधे भरून पाहिली. कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलेल्या जवळजवळ सर्व मुळांतून जंतू नाहीसे झाले. जुनी फिनॉलयुक्त औषधे त्याच्या मागे पडली. १९९१ मध्ये त्याच परंपरेतील दुसऱ्या अभ्यासाने काळाचा प्रश्न विचारला. चुना दहा मिनिटे ठेवला तर उपयोग होत नाही. सात दिवस ठेवला तर उरलेले जंतू मरतात. जंतूंसाठी सात दिवस पुरेसे आहेत, हे उत्तर येथे मिळाले होते. ते लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण त्या काळात असंख्य मुलांच्या दातांत हाच चुना वर्ष-दीड वर्ष भरून ठेवला जात होता.

त्यामागचे कारण समजण्यासाठी वरच्या पुढच्या दाताकडे पाहावे लागते. मुलाच्या सातव्या-आठव्या वर्षी हा दात हिरडीतून वर येतो, पण तेव्हा त्याचे मूळ अपुरे असते. मूळ पूर्ण व्हायला आणखी सुमारे तीन वर्षे लागतात. नेमके हेच वय झाडावरून, सायकलवरून, शाळेच्या पायऱ्यांवरून पडण्याचे. मार बसला आणि आतला गर मेला की मुळाची वाढ तेथेच थांबते. गरच भिंती जाड करीत असतो, तो गेला की भिंती पातळच राहतात. टोक निमुळते होऊन मिटण्याऐवजी नरसाळ्याच्या तोंडासारखे उघडे राहते. अशा मुळात गटापर्चा, म्हणजे मलायातील झाडांच्या चिकापासून मिळणारा रबरासारखा पदार्थ, ठासून भरता येत नाही. तो सरळ खाली जबड्यात उतरतो. दीर्घकाळ अशा दातांच्या नशिबी उपटले जाणे किंवा शस्त्रक्रिया हेच असे. नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात गेला तर जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत कायमचा कृत्रिम दातही बसवता येत नाही. त्या मुलाच्या हसण्यावर, बोलण्यावर, वर्गातील वावरावर त्याचा परिणाम वर्षानुवर्षे राहतो.

येथे चुन्याचा दुसरा गुण कामास आला. १९६० च्या दशकात अमेरिकेतील कैसर आणि आल्फ्रेड फ्रँक यांनी दाखवले की उघड्या मुळात कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवले तर हळूहळू टोकाशी एक कठीण पडदा तयार होतो. फ्रँक यांचा १९६६ चा लेख या पद्धतीचा पाया मानला जातो. औषध दर काही महिन्यांनी बदलायचे. सहा महिन्यांत, वर्षात, कधी दीड-दोन वर्षांत टोक बंद होई आणि मग मूळ कायमचे भरता येई. क्ष-किरणाच्या चित्रात तो पडदा स्पष्ट दिसे. पू गेलेला, वेदना गेलेली, टोक मिटलेले. यश मोजायला याहून ठळक खूण कोणती? जगभरातील पाठ्यपुस्तकांत ही पद्धत प्रमाण ठरली. भारतातील दंतमहाविद्यालयांतही पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तीच शिकले.

पण दवाखान्यांत एक विचित्र गोष्ट घडू लागली होती. यशस्वी ठरलेले हे दात काही वर्षांनी मोडत होते. जोराचा अपघात लागत नसे. कधी खेळताना लागलेला साधा धक्का, कधी कडक घास पुरे होई. मोडही बहुधा एकाच जागी पडे : हिरडीच्या पातळीवर, दाताच्या मानेशी. तेथे मोडलेला दात वाचवणे जवळजवळ अशक्य असते.

या विखुरलेल्या घटनांना आकड्यांचे रूप १९९२ मध्ये मिळाले. स्टॉकहोममधील मिओमिर स्वेक यांनी मार बसून गर मेलेल्या आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडने उपचार केलेल्या वरच्या पुढच्या दातांचा मोठा पूर्वलक्षी अभ्यास प्रसिद्ध केला. संसर्ग आटोक्यात आणण्यात उपचार उत्तम ठरला होता. पण अपुऱ्या मुळाच्या दातांत मानेशी मोड पडण्याचे प्रमाण धक्कादायक होते. मूळ सर्वांत कमी वाढलेल्या दातांच्या गटात ते ७७ टक्के होते आणि अपुऱ्या दातांपैकी सर्वांत जास्त वाढलेल्यांच्या गटातही २८ टक्के. पूर्ण वाढलेल्या दातांत ते पुष्कळच कमी होते. एका तक्त्यात यश आणि दुसऱ्या तक्त्यात मोड, आणि दोन्ही तक्ते त्याच मुलांचे.

याचे सरळ स्पष्टीकरण हाती होते. भिंती पातळ, म्हणून दात मोडतो. ते खोटे नव्हते. तरीही एक शंका उरत होती. पातळ भिंत मोडते हे खरे, पण त्या पातळ भिंतीला वर्षभर चिकटून बसलेला चुना त्या मोडीत काहीच हातभार लावत नसेल काय?

कोपनहेगनमधील येन्स ओवे आंद्रेआसन हे दंतअपघातांच्या शास्त्राचे जनक मानले जातात. त्यांनी फारिक आणि मुंक्सगार्ड यांच्यासह २००२ मध्ये या शंकेची परीक्षा घेतली. मेंढ्यांचे अपुऱ्या मुळाचे खालचे पुढचे दात त्यांनी घेतले. त्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरले आणि पंधरा दिवसांपासून बारा महिन्यांपर्यंत वेगवेगळ्या मुदतीसाठी ते क्षारद्रवात ठेवले. मग यंत्राखाली धरून किती बळ लावल्यावर दात मोडतो हे मोजले. मुदत जसजशी वाढली तसतसे मोडण्यास लागणारे बळ घटत गेले. सुमारे वर्षभरात ते निम्म्यावर आले. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी इशारा दिला होता : दीर्घकाळ ठेवलेले हे औषध मूळ मोडण्याचा धोका वाढवू शकते.

त्याच वर्षी अमेरिकेतील व्हाइट आणि सहकाऱ्यांनी गुरांच्या दातांचे तुकडे पाच आठवडे निरनिराळ्या द्रव्यांत ठेवून पाहिले. कॅल्शियम हायड्रॉक्साइडने बळ सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. २००७ मध्ये रोझेनबर्ग, मरे आणि नॅमेरो यांनी माणसाच्या उपटलेल्या दातांवर मोजमाप केले. औषध सात दिवस राहिलेल्या दातांच्या तुलनेत चौऱ्याऐंशी दिवस राहिलेल्या दातांचे बळ सुमारे ४४ टक्क्यांनी कमी भरले. मेंढी, गाय, माणूस. तीन देहांतील दात, आणि कल एकाच दिशेचा.

असे का व्हावे, याचे उत्तर दाताच्या बांधणीत आहे. बाहेरचे कवच सोडले तर दाताचा मुख्य भाग डेंटिन नावाच्या पदार्थाचा असतो. वजनाने त्यात सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य आणि १० टक्के पाणी असते. खनिज म्हणजे हायड्रॉक्सीॲपेटाइटचे सूक्ष्म स्फटिक. सेंद्रिय द्रव्य म्हणजे मुख्यतः कोलॅजेनचे तंतू. सिमेंट काँक्रीटच्या खांबाशी याची तुलना करता येते. खनिज दाब सोसते, तंतू सळईप्रमाणे ताण सोसतात. पण सळई आणि काँक्रीट यांची पकड सुटली तर खांब उभा दिसूनही कच्चा होतो. डेंटिनमध्ये ही पकड आम्लधर्मी प्रथिने आणि प्रोटिओग्लायकॅन नावाचे रेणू राखतात. आंद्रेआसन यांच्या मते तीव्र अल्कधर्मी चुना याच रेणूंना विघटित करतो. स्फटिक आहेत, तंतूही आहेत. त्यांच्यामधला सांधा सैल होतो. भिंतीत जो चुना विटा जोडतो, तोच दातात सांधे सोडवतो. हे काम एका रात्रीत होत नाही. ते आठवड्यांनी आणि महिन्यांनी होते, आणि क्ष-किरणाच्या चित्रात दिसत नाही.

बळकटी हरवण्याचा हा एकमेव मार्ग नव्हे. पोकळी धुण्यासाठी वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइट पहिल्या महायुद्धात जखमा धुण्याच्या द्रावणामुळे प्रसिद्ध झाले आणि तेथून दंतवैद्यकात आले. ते मेलेला गर विरघळवते, हा त्याचा मोठा गुण. पण कोलॅजेन हेही प्रथिनच आहे. व्हाइट यांच्या त्याच २००२ च्या प्रयोगात पाच आठवडे हायपोक्लोराइटमध्ये राहिलेल्या डेंटिनचे बळ ५९ टक्क्यांनी घटले होते. दवाखान्यात हे द्रावण काही मिनिटेच दातात असते, म्हणून हा आकडा जसाच्या तसा रुग्णाला लावता येत नाही. तरीही सांधा, तंतू आणि खनिज या तिन्हींपैकी कोणत्या ठिकाणी कोणते द्रव्य घाव घालते, याचा नकाशा अशा प्रयोगांतून हळूहळू तयार झाला.

चुन्याला पर्याय शोधण्याची धडपडही याच काळातील. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट’, संक्षेपाने एमटीए, हे द्रव्य मांडले. १९९८ मध्ये त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग म्हणजे शुद्ध केलेले पोर्टलंड सिमेंट. उघड्या टोकाशी त्याचा थर दिला की एका-दोन भेटींत बूच तयार होते. वर्षभर चुना बदलत बसण्याची गरज उरत नाही. २००६ मध्ये आंद्रेआसन, मुंक्सगार्ड आणि बॅकलंड यांनी पुन्हा मेंढ्यांच्या दातांवर तुलना केली. शंभर दिवस चुना भरलेले दात कमकुवत झाले. तीस दिवस चुना आणि नंतर एमटीए भरलेल्या दातांत मात्र लक्षणीय घट आढळली नाही. औषध तेच, दोष मुदतीचा, हा मुद्दा येथे सर्वांत स्पष्ट झाला.

पण इतिहास इतका सरळ नसतो. व्हाइट यांच्या प्रयोगात एमटीएच्या सान्निध्यातील डेंटिनही ३३ टक्क्यांनी दुबळे झाले होते, आणि त्यात नवल नाही. सिमेंट घट्ट होताना जे पदार्थ तयार होतात त्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हा एक प्रमुख पदार्थ असतो. समोरच्या दाराने बाहेर काढलेला चुना मागच्या दाराने पुन्हा घरात आला होता.

दुसरा पर्याय जपानमधून आला. १९९६ मध्ये निगाता विद्यापीठातील होशिनो आणि सहकाऱ्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडॅझोल आणि मिनोसायक्लिन या तीन प्रतिजैविकांचे मिश्रण दातातील जंतूंवर प्रभावी असल्याचे दाखवले. २००४ मध्ये बँक्स आणि ट्रोप यांनी या मिश्रणाच्या साहाय्याने एका अपुऱ्या दाताचे मूळ निर्जंतुक केले, टोकापलीकडून मुद्दाम रक्त आणले आणि त्या रक्ताच्या गाठीवर मुळाची थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते हे दाखवले. टोक नुसते बंद न करता भिंतीच जाड होऊ द्यायच्या, हा विचार क्रांतिकारक होता. कारण बळकटीच्या प्रश्नाला त्याने प्रथमच समोरून हात घातला. परंतु या मिश्रणाचीही किंमत निघाली. मिनोसायक्लिनने दात काळवंडू लागले. ते कॅल्शियमला बांधून घेते आणि मिश्रण आम्लधर्मी असते, त्यामुळे दाट लगद्याखाली डेंटिनमधील खनिज झिजते, असे प्रयोगांत दिसले. मुळाच्या टोकाशी असलेल्या ज्या मूलपेशींवर सारी भिस्त, त्याही दाट मात्रेत मरत होत्या. मग मिलिलिटरला एक ग्रॅमच्या घरात असलेली मात्रा काही मिलिग्रॅमवर आणण्यात आली, मिनोसायक्लिन वगळून दोनच औषधे वापरण्याचा पर्याय पुढे आला, आणि पुष्कळ ठिकाणी अल्प मुदतीसाठी पुन्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइडच पसंत केले जाऊ लागले. आरोपीच्या पिंजऱ्यातून चुना पुन्हा कामावर रुजू झाला, फक्त आता त्याच्या कामाचे दिवस ठरलेले होते.

या साऱ्या पुराव्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. मोजमापे बहुतांशी उपटलेल्या दातांवरची आहेत. तोंडातील दात ऊतींनी वेढलेला असतो आणि त्याच्याभोवती शरीराचे द्रव खेळत असतात. प्रयोगशाळेत मेंढीचा दात, गायीच्या दाताची पट्टी आणि माणसाचा सबंध दात यांवर बळ लावण्याच्या रीतीही वेगवेगळ्या. म्हणून आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. २०१३ मधील एका पद्धतशीर आढाव्यात बहुतेक प्रयोगांत पाच आठवडे वा त्याहून अधिक काळ चुना ठेवल्यास डेंटिनचे गुणधर्म खालावल्याचे आढळले, पण रुग्णांवरील थेट पुरावा तोकडा असल्याचेही स्पष्ट झाले. मुलाचा दात मोडतो तेव्हा त्यात पातळ भिंतीचा वाटा किती आणि औषधाचा किती, हा हिशेब पूर्ण सुटलेला नाही. वैज्ञानिक प्रामाणिकपणा असा की हिशेब पूर्ण होण्यापूर्वीही सावधगिरीचे पाऊल उचलता येते. जंतूंसाठी आठवडे पुरतात, तर महिने कशासाठी?

भारतात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत. त्यांतील पदव्युत्तर विद्यार्थी दात सरळ करण्याच्या उपचारांत काढलेल्या उपदाढा गोळा करतात, त्यांत चुना, प्रतिजैविके किंवा वनस्पतिजन्य अर्क भरतात आणि चाचणीयंत्राखाली त्या मोडून पाहतात. ‘जंतू मेले काय’ याच्या बरोबरीने ‘दात किती बळाने मोडला’ हा तक्ता आता प्रबंधांत दिसतो. १९२० मध्ये जो दुसरा प्रश्न नव्हता, तो आज अभ्यासक्रमाचा भाग आहे.

दवाखान्यात मात्र काळावर वैद्याचे एकट्याचे राज्य नसते. पहिल्या भेटीत औषध भरले की दुखणे थांबते, सूज उतरते. दुखत नाही म्हणजे बरे झाले, असे घरच्यांना वाटते. मग पेरणी येते, परीक्षा येते, तालुक्याहून शहरापर्यंतचे भाडे आणि बुडणारी रोजी आडवी येते. तीन आठवड्यांनी यायचे ते मूल आठ महिन्यांनी येते. तोवर दातातील चुना आपले काम शांतपणे करीत असतो, जंतूंवरचे आणि भिंतीवरचेही. पूर्वीच्या समजुतीप्रमाणे या विलंबाने बिघडत काही नव्हते. उलट औषध जितके राहील तितके चांगले, असे मानले जाई. गेल्या दोन-तीन दशकांच्या संशोधनाने बदलले ते हेच. लांबलेली भेट ही आता केवळ गैरसोय राहिलेली नाही, ती उपचारातील एक धोका आहे. घरगुती उपाय म्हणून विड्याचा चुना दातात भरणाऱ्यांनी तर हे दुप्पट ध्यानात घ्यावे. तो निर्जंतुक नसतो, त्याची जागा आणि मात्रा मोजलेली नसते, आणि हिरडी व गाल भाजण्याचा धोका वेगळाच.

हेरमान यांनी चूक केली, असे या इतिहासातून निघत नाही. त्यांच्या औषधाने सोमल आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या युगातून दंतवैद्यकाला बाहेर काढले. फ्रँक यांच्या पद्धतीने असंख्य मुलांचे पुढचे दात वाचले, आणि जे मोडले तेही काही वर्षे तरी जागेवर राहिले, जबडा वाढत असतानाच्या मोलाच्या वर्षांत. निघते ते इतकेच की यशाची खूण जेथे ठरवली जाते तेथेच संशोधनाची नजर थांबते. खूण टोकावरच्या पडद्याची होती, म्हणून सारे टोकाकडे पाहत राहिले, आणि दात मानेशी मोडत राहिला. स्वेक यांच्यासारख्या कोणी जुनी कागदपत्रे काढून, ‘बरे’ म्हणून घरी गेलेल्या मुलांचे पुढे काय झाले हे चिकाटीने पाहिले, तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहिला.

आज एखाद्या नऊ वर्षांच्या मुलीच्या पुढच्या दातात हा पांढरा लगदा भरला जातो, तेव्हा केसपेपरवर औषधाचे नाव लिहिलेले असते. त्याच्यापुढे भरल्याची तारीख असते, आणि नीट चालवलेल्या दवाखान्यात आणखी एक तारीख लिहिलेली असते : ते कधी काढायचे. मुलीच्या आईला ती दुसरी तारीख पाठ असणे, हा त्या उपचाराचाच एक भाग आहे.